श्वास आपला, वेळ कोणाचा?

मार्च महिना संपत आला की माझ्या दवाखान्यात एका ठराविक तक्रारीचे रुग्ण वाढतात. छातीत धडधडते, हाताच्या बोटांना मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, रात्री दोनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. यातले बहुतेक तीस ते पन्नास वयाचे. बहुतेक नोकरदार. आणि बहुतेकांच्या पिशवीत आधीच काढलेले दोन-तीन ईसीजी असतात, सगळे चांगले आलेले!

दोन वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आले. सरकारी नोकरी, गावोगाव फिरतीचे काम. रक्तदाब १५० वर ९६. ईसीजी उत्तम. साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन यांचे अहवालही ठीक. मी त्यांना तसे सांगितले तर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ईसीजी चांगला हाय म्हन्ता, मंग मले आत्ता मरून जाईन असं काऊन वाटते?"

मी पंधरा दिवसांची झोपेची गोळी लिहिली आणि सवयीप्रमाणे म्हणालो, "ताण घेऊ नका. सकाळी थोडा योग, थोडा प्राणायाम करत जा." ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून वळून म्हणाले, "साहेब, तान मी कुठी घेतो? तो तं मले देल्ला जाते. आन् श्वास घ्या म्हन्ता, घेतो. पन त्याले येळ कोन देईन?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. "ताण घेऊ नका" हे वाक्य मी अट्ठावीस वर्षांच्या व्यवसायात हजारो वेळा बोललो असेन. त्या दिवसानंतर ते बोलायचे सोडले. आजचा लेख त्या गृहस्थांच्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

शरीरात काय घडते?

आपल्या जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे अभयारण्य आहे. समजा, तिथल्या रस्त्यावर आपल्यापुढे एकाएकी वाघ उभा राहिला. क्षणात हृदयाचे ठोके वाढतील, श्वास उथळ आणि जलद होईल, स्नायू ताठ होतील, तोंडाला कोरड पडेल. ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतील. हे सारे पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी असते आणि ते जीव वाचवते. वाघ निघून गेला की शरीर हळूहळू पूर्वपदावर येते.

कार्यालयातल्या वाघाचे तसे नसते. तो जात नाही. सकाळी सहाला मोबाईलवर साहेबांचा निरोप येतो, दुपारी आढावा बैठक, संध्याकाळपर्यंत माहिती "तात्काळ" हवी, रात्री साडेदहाला पुन्हा निरोप. शरीराला कागदावरचा वाघ आणि जंगलातला वाघ यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही वेळा तशीच घंटा वाजवते. ही घंटा महिनोन् महिने वाजत राहिली की रक्तदाब चढतो, झोप मोडते, पित्त वाढते, घरात चिडचिड होते आणि माणूस तंबाखू-खर्‍याच्या किंवा दारूच्या आहारी जातो.

आता प्रश्न असा की ही घंटा बंद कशी करायची? हृदयाला "हळू चाल" असे सांगता येत नाही. रक्तदाबाला, आतड्याला हुकूम देता येत नाही. ही कामे आपल्या इच्छेविना चालतात. श्वासही इच्छेविना चालतो. पण तो आपल्या ताब्यातही येतो. शरीराच्या आपोआप चालणार्‍या कारभारात शिरायला निसर्गाने ठेवलेले हे एक दार आहे.

खात्री करायची असेल तर आत्ताच करा. मनगटावरची नाडी पाहा आणि सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित मंदावते. तरुण माणसात हे अधिक स्पष्ट कळते. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा अंमल हृदयावर वाढतो आणि ठोके कमी होतात. म्हणून श्वास सोडण्याचा काळ जेवढा लांब, तेवढी हृदयाला विश्रांती अधिक. प्राणायामाच्या परिणामामागचे हे एक साधे कारण.

विश्रांतीच्या वेळी आपण मिनिटाला सुमारे बारा ते वीस श्वास घेतो. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतील डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एकदा योगातला मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी श्वासाशी जुळल्या. देवघरात माळ ओढणार्‍या आपल्या आजीला हे कुणी शिकवले नव्हते. पण तिची माळ आणि तिचा श्वास एका लयीत चालत होते.

हे आजचे खूळ नाही

योग म्हणजे दूरदर्शनवरचा किंवा मोबाईलवरचा नवा प्रकार, असे समजणारे पुष्कळ आहेत. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्ताच्या विक्षेपाबरोबर येणारी लक्षणे दिली आहेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास. आज एखादा घाबरलेला रुग्ण माझ्यापुढे बसतो तेव्हा मी कागदावर जवळजवळ हीच यादी लिहितो. आणि चित्त स्थिर करण्याच्या उपायांत त्यांनी श्वास बाहेर सोडण्यावर भर दिला आहे.

या विद्येला प्रयोगशाळेत नेण्याचे काम मराठी माणसाने केले, याचा आपल्याला विसर पडला आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. आसने करताना पोटात आणि रक्तदाबात काय बदल होतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि रक्तदाबमापक वापरून तपासले. १९२७ साली गांधीजींचा रक्तदाब वाढला तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता. चमत्कार सांगणार्‍यांपैकी ते नव्हते. मोजून पाहा, मग बोला, असा त्यांचा बाणा होता.

आणि विदर्भाला तर लांब जायचीही गरज नाही. नागपुरात जनार्दनस्वामींनी १९५१ साली योगाभ्यासी मंडळ स्थापन केले. रामनगरातले हे मंडळ आजही लोकांना विनामूल्य योग शिकवते. त्यांच्या पद्धतीने शिकलेली माणसे विदर्भात ठिकठिकाणी वर्ग घेतात. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. थोडक्यात, शिकवणार्‍यांची आपल्याकडे उणीव नाही. पैसा लागतो असेही नाही.

मी स्वतः याकडे कसा वळलो, तेही सांगतो. एमबीबीएसला असताना आम्हाला हे कुणी शिकवले नाही आणि मलाही त्यात रस नव्हता. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली. एकही खाट रिकामी नाही, प्राणवायूसाठी धावपळ, ओळखीची माणसे डोळ्यांदेखत गेली. एका रात्री घरी परतताना माझीच छाती धडधडू लागली. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. रुग्णांना जे सांगत होतो ते स्वतः केले. चार आकडे मोजत श्वास घेतला, सहा मोजत सोडला. दहा मिनिटांनी हात स्थिर झाले, गाडी चालवता आली. बाहेरची परिस्थिती तसूभर बदलली नव्हती. पण दुसर्‍या दिवशी दवाखाना उघडण्याइतका मी शिल्लक राहिलो होतो. एवढाच माझा दावा आहे, यापेक्षा मोठा नाही.

खुर्चीत बसून पाच मिनिटे

आता प्रत्यक्ष कृती. यासाठी सतरंजी, वेगळे कपडे, रिकामे पोट यांची सक्ती नाही. भरपेट जेवणानंतर लगेच मात्र करू नये.

पहिला एक मिनिट: उभे राहून दोन्ही हात वर घ्या, बोटे गुंतवा, टाचा किंचित उचलून शरीर वर ताणा. तोल जात असेल तर टाचा टेकलेल्याच ठेवा. मग हात खाली घेऊन खांदे मागे गोल फिरवा. मान सावकाश उजवीकडे, डावीकडे वळवा. मानेला झटका देऊ नका. दिवसभर वाकून लिहिणार्‍या किंवा संगणकावर बसणार्‍या माणसाचा अर्धा ताण मानेत आणि खांद्यात साठलेला असतो.

पुढचे तीन मिनिटे: खुर्चीवर पाठ सरळ ठेवून बसा, पाय जमिनीला टेकलेले. एक हात पोटावर ठेवा. नाकाने श्वास घ्या, मनात चार आकडे मोजा. पोट किंचित पुढे आले पाहिजे. मग नाकानेच सोडा, सहा आकडे मोजा. श्वास कोंडून ठेवायचा नाही. एक आकडा साधारण एका सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. चार-सहा जमत नसेल तर तीन-चारने सुरुवात करा. दम लागता कामा नये. दम लागला तर समजा, आपण इथेही घाई करीत आहोत.

शेवटचा एक मिनिट: डोळे मिटा, श्वास घ्या आणि सोडताना ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करा. हीच भ्रामरी. चार-पाच वेळा पुरे. गुंजारव केला की श्वास आपोआप लांब सुटतो. कार्यालयात आवाजाचा संकोच वाटला तर हा भाग घरी करावा.

हे दिवसातून दोनदा करावे. एकदा कामाला बसण्यापूर्वी, एकदा दुपारी चारच्या सुमारास. वेळ ठरलेली असावी. रक्तदाबाची गोळी आपण "आठवण झाली की" घेत नाही, ठरल्या वेळी घेतो. श्वासाचीही मात्रा असते. पहिल्या आठवड्यात फारसे काही जाणवणार नाही. तीन-चार आठवड्यांनी झोपेत फरक पडतो, हा माझ्या रुग्णांचा अनुभव. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या २०२३ च्या एका अभ्यासातही रोज पाच मिनिटे, महिनाभर, श्वास लांब सोडण्याचा सराव करणार्‍यांची मनःस्थिती सुधारलेली आढळली.

वाहनचालकांनी हे गाडी चालवताना करू नये. गाडी उभी करून, फेरी सुरू होण्यापूर्वी करावे. रात्रपाळीच्या परिचारिकांनी, पोलिसांनी पाळी संपल्यावर झोपण्यापूर्वी करावे. आणि नोकरी करणार्‍या भगिनींना मला विशेष सांगायचे आहे. तुमची पहिली पाळी पहाटे पाचला स्वयंपाकघरात सुरू होते. "सकाळी लवकर उठून योग करा" हा सल्ला तुम्हाला देणार्‍याने तुमची सकाळ पाहिलेली नसते. तुम्ही ही पाच मिनिटे कार्यालयात घ्या, दुपारी घ्या, बसची वाट पाहताना बाकावर घ्या.

सावधानतेचे चार शब्द

घाबरेपणाचा त्रास असलेल्या माणसाने कपालभाती, भस्त्रिका असे जलद श्वासाचे प्रकार स्वतःच्या मनाने करू नयेत. भराभर श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळते. म्हणजे ज्या लक्षणांसाठी उपाय करायला गेलो तीच लक्षणे! कपालभाती ही हठयोगाच्या ग्रंथांत शुद्धिक्रियांमध्ये मोडते. ती जाणकाराच्या देखरेखीखालीच शिकावी. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार म्हणजे फिट्स, गर्भारपण, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया, यांत ती टाळावीच.

दुसरे, आधी तपासणी, मग प्राणायाम. एक शिक्षिका सहा महिने धडधडीसाठी प्राणायाम करीत होत्या. शेजारणीने सांगितले, नातेवाइकांनी सांगितले, सर्वांचे एकमत की हा ताण आहे. वजन आठ किलोने घटले तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. थायरॉईडचे प्रमाण वाढलेले निघाले. गोळ्यांनी त्या बर्‍या झाल्या. रक्तक्षयानेही धडधडते. चालताना छातीत दाब येत असेल, घाम फुटून डावा हात किंवा जबडा दुखत असेल तर श्वास मोजत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.

तिसरे, रक्तदाबाच्या आणि झोपेच्या चालू गोळ्या मनाने बंद करू नका. झोपेची गोळी बरेच दिवस घेतलेली असेल तर ती एकदम थांबवल्याने त्रास होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.

चौथे, सर्वांत महत्त्वाचे. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत आणि ते घेण्यात कमीपणा नाही. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभागही आहे.

आता कार्यालयांचे काय?

इथपर्यंतचा लेख कर्मचार्‍यांसाठी झाला. पुढचा मजकूर साहेब मंडळींनी वाचावा अशी विनंती आहे.

२०१५ पासून दरवर्षी २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो. सकाळी मैदानावर सतरंज्या पडतात, पांढरे कपडे येतात, छायाचित्रे निघतात. चांगलेच आहे. पण २२ जूनला काय? वर्षातून एकदा योग करणे म्हणजे रक्तदाबाची गोळी वर्षातून एकदा घेणे.

केंद्र सरकारला हे कळलेले दिसते. आयुष मंत्रालयाने कामाच्या जागी पाच मिनिटांत करायचा 'वाय-ब्रेक' नावाचा योगक्रम तयार केला. जानेवारी २०२० मध्ये देशातल्या सहा मोठ्या शहरांत त्याची चाचणी झाली आणि १ सप्टेंबर २०२१ रोजी त्याचे मोबाईल ॲप निघाले. कर्मचार्‍यांत त्याचा प्रसार करावा असे केंद्राच्या मंत्रालयांना त्याच महिन्यात कळवण्यातही आले. ताडासन, कटिचक्रासन, नाडीशोधन, भ्रामरी, ध्यान असा तो सोपा क्रम आहे. कल्पना उत्तम. माझ्याकडे येणार्‍या कर्मचार्‍यांना मी विचारतो, "तुमच्याकडे हे होते का?" अजून एकानेही "रोज होते" असे उत्तर दिलेले नाही. पाच मिनिटे कागदावर आहेत, घड्याळात नाहीत.

आणि घड्याळात आली तरी तेवढ्याने भागणार नाही, हेही डॉक्टर म्हणून मला सांगितलेच पाहिजे. २०२४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील एका संशोधकाने ब्रिटनमधल्या २३३ आस्थापनांतील ४६,३३६ कर्मचार्‍यांची पाहणी प्रसिद्ध केली. ताण हाताळण्याचे प्रशिक्षण, ध्यानाचे वर्ग, मोबाईलवरचे कार्यक्रम यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्याला म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मग प्राणायाम खोटा का? नाही. शरीरावरचा त्याचा परिणाम नाडीवर बोट ठेवून कळतो. पण कामाचा डोंगर तसाच ठेवून माणसाला फक्त श्वास शिकवणे म्हणजे छप्पर गळत असताना घरच्यांना पोहायला शिकवणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कामाच्या जागेतील मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांतही कामाची मांडणी बदलणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे यांवर भर आहे. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा हा दयेचा विषय नाही, हिशेबाचाही आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. पाच मिनिटे कामाच्या वेळेतली द्यावीत, जेवणाच्या सुट्टीतून कापू नयेत. सक्ती नको, हजेरीपट नको आणि कृपा करून छायाचित्र काढून वर पाठवण्याचा आदेश नको. नाहीतर तोही एक ताण होईल. श्वासाला जात-धर्म नाही. ज्याला ॐकार म्हणायचा नाही त्याने नुसता श्वास मोजावा. साहेबांनी स्वतः खुर्चीत बसून हे करावे, म्हणजे शिपायालाही डोळे मिटायची भीती वाटणार नाही. आणि त्याबरोबर रात्री आठनंतर, खरी आपत्ती सोडली तर, निरोप पाठवू नयेत. तीन माणसांच्या जागी एकजण काम करीत असेल तर रिकाम्या जागा भराव्यात. तिथे प्राणायाम पुरा पडत नाही.

कुणी म्हणेल, "डॉक्टर, ज्या जिल्ह्यात कर्जापायी शेतकरी जीव देतो तिथे पगारदारांच्या ताणाचे कौतुक कशाला?" हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. पण जरा विचार करा. शेतकर्‍याच्या घरी दुःखद घटना घडली की चौकशीचा कागद घेऊन त्या अंगणात कोण उभा राहतो? गारपिटीनंतर पंचनाम्याला कोण जातो? पीककर्जाच्या खिडकीवर जून महिन्यात दिवसभर कोण बसतो? २०१५ साली राज्य शासनाने प्रेरणा प्रकल्प सुरू केला तेव्हा घरोघरी जाऊन "मन कसे आहे?" हे विचारण्याचे काम आशाताईंकडे आले. त्या आशाताईला तेच कुणी विचारले का? खिडकीच्या आतला माणूस रात्रभर झोपलेला नसेल तर बाहेर उभ्या असलेल्या शेतकर्‍याच्या वाट्याला त्याचे खेकसणेच येते. आतल्याचा श्वास ठिकाणावर असेल तर बाहेरच्याला निदान नीट उत्तर मिळते. दोघांचे दुःख एकाच खिडकीच्या दोन बाजूंना आहे.

आता त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते सांगतो. ते पंधरा दिवसांनी गोळी संपल्यावर परत आले. मी या वेळी त्यांना समोर बसवून श्वास मोजायला शिकवला. माझी दहा मिनिटे गेली. बाहेर रांग होती, तिला थांबावे लागले. कार्यालयात वेळ मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी स्वतःच तोड काढली. फिरतीवर जाताना प्रत्येक गावात शिरण्याआधी शिवेवरच्या कडुनिंबाखाली मोटारसायकल उभी करायची, मोबाईल खिशात ठेवायचा आणि पाच मिनिटे बसायचे. चार महिन्यांत झोपेची गोळी टप्प्याटप्प्याने सुटली. रक्तदाब १३४ वर ८६ आला. मीठ कमी केले आणि खर्रा सोडला, त्याचाही त्यात वाटा आहे. बदली मात्र झालेली नाही, कामही कमी झालेले नाही.

यंदा मार्चअखेर ते आले ते रक्तदाब मोजून घ्यायला. मी विचारले, "ताण कसा आहे?" ते हसून म्हणाले, "तान गेला नाही जी. पन पयले छातीवर बसे, आता गाडीच्या मागच्या शीटवर बसते."

त्यांना वेळ कोणी दिला नाही, त्यांनी तो रस्त्यावर शोधला. पण प्रत्येकाच्या वाटेवर कडुनिंब नसतो. ज्यांच्या हाती कार्यालयाचे घड्याळ आहे त्यांनी येत्या सोमवारपासून दुपारी चारला पाच मिनिटे सोडून पाहावीत. महिनाभर करून पाहा. फरक पडला नाही तर मला या वृत्तपत्राच्या पत्त्यावर खुशाल पत्र लिहा. पडला, तर शेजारच्या कार्यालयाला सांगा.